वाकळीत कुणाकुणाचं कापड
पॅलेस्टाइनमध्ये बाईच्या झग्यावरचं फुलीच्या टाक्यांचं भरतकाम पाहून ती कुठल्या भागातली, हे जाणकार ओळखत. ती कला २०२१ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. आपल्या सातारा-सांगलीकडची वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, मात्र गाव सांगत नाही. ती घर सांगते.

आजीचं विटलेलं नऊवारी, आजोबांचं धोतर, पोरांचे फाटके सदरे थरावर थर अंथरायचे. कडेपासून धावदोरा धरायचा आणि चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत यायचं. टाके जवळजवळ हवेत, नाहीतर धुताना आतल्या चिंध्या गोळा होतात. काम उन्हाळ्यातलं, रानं मोकळी असतानाचं. दोघी-तिघी भोवती बसल्या की उरकतं, अर्थात गप्पांसकट. तान्ह्या बाळाचं दुपटं मात्र मुद्दाम जुन्याच सुती लुगड्याचं, कारण नवं कापड टोचतं. गेलेल्या माणसाचे कपडेही वाकळीत जातात. पांघरताना ते माणूस आठवतं.

आता साड्या बहुतेक कृत्रिम धाग्याच्या. त्या घाम टिपत नाहीत, आणि नव्या छापील कापडाच्या दुकानी गोधडीत कुणाचीच आठवण नसते. घरात जुनी वाकळ असेल, तर तिच्यातलं कुठलं कापड कुणाचं, हे थोरल्यांना आताच विचारून ठेवा.