जांभळाच्या बरणीत काय शिजतं?

थंडीत नांदूरघाटच्या शिवारात बांधावरच्या बोरी लगडतात आणि मृगाच्या आगेमागे जांभळं पिकतात. बालाघाटच्या रांगेतली करवंदं त्याच्या थोडी आधी येतात. एवढं फळ हाताशी आलं की हल्ली एक प्रश्न निघतोच : याची घरी ‘वाइन’ करता येईल का? मोबाइलवर कृती सापडते. बरणी, साखर, फळ आणि थोडा धीर, एवढंच साहित्य. बरणीच्या आत काय घडतं, ते मात्र तिथं क्वचितच सांगतात.

कल्पना जुनीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ८४ आसवं मोजली आहेत, त्यातली २६ फळांची. त्या यादीत जांभूळ आहे, फालसा आहे आणि बोरं तर तीन जातींची आहेत. द्राक्षासवासारख्या औषधांत आजही धायटीची फुलं घालतात, ती आंबवण्यासाठीच.

फळाच्या सालीवर यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी असतेच. ती साखर खाते आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार करते. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की अल्कोहोलचं प्रमाण एका टक्क्यानं वाढतं. पाव किलो साखर पुरती आंबली तर सुमारे ७० लिटर वायू निघतो! झाकण घट्ट लावलेली काचेची बरणी फुटते ती यामुळे.

दुसरी अडचण आपल्या हवेची. यीस्टला २० ते ३० अंश तापमान मानवतं. जांभळं पिकतात तेव्हा मराठवाड्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो. अशा उष्म्यात यीस्ट मलूल होतं आणि इतर जिवाणू बरणीचा ताबा घेतात. हवा लागत राहिली तर अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल होतं, म्हणजे वाइन करायला जावं आणि शिरका हाती यावा. तो शिरका तरी चांगला होईल याची खात्री नाही. वर बुरशी धरली तर सगळं ओतून द्यावं. वरची साय काढून उरलेलं वापरू नये.

आता भीतीची गोष्ट, मिथेनॉलची. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. अशा घटनांत मिथेनॉल येतं ते मुख्यतः भेसळीतून, कारखान्यांसाठीचं रसायन दारूत मिसळल्यानं. फळातल्या पेक्टिनपासूनही मिथेनॉल बनतं, पण नुसत्या आंबवलेल्या रसात ते फार थोडं असतं. तोच रस घरी भट्टी लावून गाळला की हिशेब बदलतो, कारण गाळताना काय आणि किती एकवटलं हे चवीवरून कळत नाही. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालतं. त्रास बऱ्याचदा बारा-चोवीस तासांनी सुरू होतो. दारू प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, पोटात कळा आल्या, दम लागला, तर ‘उतरेल’ म्हणून घरी थांबू नये. थेट मोठं रुग्णालय गाठावं. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळालं तर जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

काहीजण विकतच्या दारूत फळ मुरवतात. इंग्लंडात रानटी आलुबुखार जिनमध्ये असंच मुरवतात. अल्कोहोल फळातला रंग आणि वास ओढून घेतं, फळातलं पाणी दारूत उतरतं. अर्धा लिटर ४२.८ टक्क्यांच्या दारूत अर्धा किलो जांभळं घातली तर शेवटी ती २४ टक्क्यांच्या आसपास येते. गोड लागते, घशाला जळत नाही, म्हणून पेला मोठा भरला जातो. त्याचा ६० मिलीचा पेला म्हणजे मूळ दारूच्या ३० मिलीहून थोडं जास्तच अल्कोहोल.

‘जांभळाची आहे, शुगरला चांगली’ हा समज तर सर्वांत घातक. मधुमेहावरच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दारू घेतली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणं ही त्याची लक्षणं नशेसारखीच दिसतात आणि घरचे ‘झोपू द्या’ म्हणतात. दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. फळ घातल्यानं त्यात फरक पडत नाही.

शिवाय कायदा. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. ‘विकत नाही, घरापुरतीच करतो’ ही सबब चालत नाही.

रानातून फळ आणताना ओळख पक्की हवी. घाणेरीची हिरवी फळं विषारी, गुंजेच्या बिया त्याहून कितीतरी जास्त. मुलं फळं गोळा करायला जात असतील तर या दोन वनस्पती त्यांना दाखवून ठेवा.

आंबट-तुरट चवीची हौस असेल तर जांभळाचा शिरका करावा. पिकलेली, न फुटलेली जांभळं धुऊन, कोरडी करून बिया काढाव्यात. अर्धा किलो गरावर अर्धा लिटर विकतचं साधं व्हिनेगर ओतून काचेची बरणी आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवावी, मग फडक्यातून गाळावं. पेलाभर गार पाण्यात दोन चमचे, चिमूटभर काळं मीठ आणि भाजलेलं जिरं. गूळ घातला तरी चालतो, पण साखरेचा आजार असलेल्यांच्या पेल्यात नको. पित्ताचा त्रास असणाऱ्यांनी मात्र जपूनच घ्यावं.