रोमन पंगत आणि आपलं कापड

मानोऱ्याच्या कापूसवाल्यांनो, जरा इकडं लक्ष द्या!

पहिल्या शतकात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथून साधं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जायची. 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तशी नोंद आहे. पैठणहून तेर दहा दिवसांच्या वाटेवर, असंही त्यात लिहिलंय. परतीच्या मालात इटलीची दारू असे. ही दारू पिणाऱ्या रोमनांच्या पंगतीच्या रीती बघा:

👉 श्रीमंत रोमन लोक मेजवानीत डाव्या कोपरावर रेलून उजव्या हातानं जेवत. तीन बाजूंना तीन बैठका, एकेकीवर तिघं.

👉 दारू पाणी घालूनच प्यायची. निव्वळ पिणारा अडाणी ठरे!

👉 ग्रीकांच्या मद्यमैफलीत घरच्या बायकांना जागा नव्हती. रोमन घरात मात्र बायको नवऱ्यासोबत पंगतीला असे.

इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात १९३८ साली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती तेर आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही मिळाल्यात.

पुढच्या सुट्टीत पोरांना तेरचं लामतुरे संग्रहालय दाखवाच. कोण कोण येतंय?