चावी हातात, कागद कुठे?

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्याने प्रथम काढली, त्याने आपले घर स्वतः उभे राहून बांधून घेतले असणार. आपण आखाती मंडळी घर बांधत नाही आणि धड पाहतही नाही. दुबईत किंवा शारजात बसून आपण ठाण्या-पुण्याकडच्या एखाद्या खड्ड्यावरचा, अजून हवेत असलेला सातवा मजला विकत घेतो.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचे एक तरुण जोडपे मला आग्रहाने एका हॉटेलातल्या गृहप्रदर्शनाला घेऊन गेले. काचेच्या पेटीत पांढरीशुभ्र इमारत, स्पंजची हिरवी झाडे, बोटाएवढ्या मोटारी. बाजूला वडापाव आणि मसाला चहा फुकट. टाय लावलेला मुलगा अगदी गोड मराठीत सांगत होता, "काका, ही किंमत फक्त आजच्या दिवसापुरती." नवरा चेकबुक चाचपू लागला. बायकोने मात्र मला बाजूला घेऊन विचारले, "काका, तुम्ही घेतलंत ना असं घर? नेमकं काय बघायचं असतं?"

वाचकहो, तिला जे सांगितले तेच येथे लिहितो. आधी स्वतःची फजिती सांगणे भाग आहे.

मी २०११ साली ठाणे जिल्ह्यात सदनिका नोंदवली. ताबा २०१३ च्या डिसेंबरात मिळायचा होता. तिकडचे सारे पाहण्यासाठी मेहुण्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र केले. बिल्डरची मागणीपत्रे वेळच्या वेळी येत आणि मी पैसे वेळच्या वेळी पाठवी. कॅलेंडर पाहून पाठवी, बांधकाम पाहून नव्हे. पाचवा स्लॅब पडला नव्हता तेव्हा माझे सातव्या मजल्याचे बहुतेक पैसे भरून झाले होते! अखेर २०१६ च्या जानेवारीत मेहुण्याचा फोन आला, "भावोजी, चावी मिळाली!" सौभाग्यवतींनी इमारतभर पेढे वाटले. मार्चमध्ये वास्तुशांत झाली आणि आई-वडील डोंबिवलीची भाड्याची जागा सोडून नव्या घरात गेले.

मग एकेक गोष्ट कळू लागली. वीज बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर. पाणी टँकरचे. लिफ्ट बसवलेली, पण बंद. वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे. पहिल्या वर्षात ते मोजून नऊ वेळा खाली उतरले, त्यातल्या चार वेळा डॉक्टरकडे जायला. मेहुण्याने सही केलेला कागद मी मागवून घेतला, तर त्यावर 'अंतर्गत सजावटीसाठी ताबा' असे लिहिलेले. नगरपालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र नव्हतेच. म्हणजे ती इमारत, कागदोपत्री, राहण्यास योग्य ठरलेली नव्हती.

त्या वेळी लागू असलेला १९६३ चा 'मोफा' कायदा बिल्डरला असा ताबा देण्याची मनाई करतो. ताबा घेण्याची मनाई खरेदीदारालाही आहे, हे मी फार उशिरा वाचले. आम्ही कायदा मोडून सत्यनारायण घातला होता!

मेहुणा आणि मी दोन वर्षे एकमेकांशी बोललो नाही. खरे तर चूक त्याची नव्हती. सही करण्याचा अधिकार मी त्याला दिला, पण काय पाहून सही करायची हे सांगितले नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हते. भोगवटा प्रमाणपत्र २०१८ च्या जुलैत आले. लिफ्टने खाली उतरून कट्ट्यावर बसण्याचे सुख वडिलांना सात महिने मिळाले.

आज परिस्थिती पुष्कळ बरी आहे. २०१६ चा 'रेरा' कायदा आला आणि १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात 'महारेरा' काम करू लागले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठांहून अधिक सदनिकांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही, त्याची जाहिरातही करता येत नाही. नोंदणी क्रमांक घेऊन महारेराच्या संकेतस्थळावर गेले की मंजूर नकाशे, जमिनीचे कागद, कोर्टकज्जे आणि बिल्डरने स्वतः दिलेली पूर्णत्वाची तारीख हे सारे घरबसल्या दिसते. प्रदर्शनातल्या मुलाने सांगितलेली तारीख आणि ही तारीख ताडून पाहावी. करमणूक होते.

करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही. किंमत चटईक्षेत्रावर ठरते. 'सुपर बिल्टअप'च्या नावाखाली जिना-व्हरांडा आपल्या गळ्यात मारण्याचे दिवस गेले. रेराच्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंती चटईक्षेत्रात धरतात, बाहेरच्या भिंती आणि गॅलरी धरत नाहीत. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्चावे लागतात. ताबा लांबला तर घर सोडून व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर राखून दरमहा व्याज.

पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते हप्त्यांचे वेळापत्रक. महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ते छापलेलेच आहे. करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५, सर्व स्लॅब झाल्यावर ७०, भिंती-गिलावा-फरशीनंतर ७५, असे करत लिफ्ट, पंप वगैरे बसल्यावर ९५ आणि उरलेले भोगवटा प्रमाणपत्रानंतर, ताबा घेताना. बिल्डरच्या करारात याऐवजी तारखा घातलेल्या दिसल्या तर तेथेच थांबावे. प्रत्येक मागणीपत्रासोबत आर्किटेक्टचा दाखला मागावा आणि कोणाला तरी प्रत्यक्ष साइटवर पाठवावे. फोटो आपल्या माणसाने काढलेला असावा, बिल्डरच्या माणसाने नव्हे.

पैशांबाबत थोडक्यात. अनिवासी भारतीयाला घर घेता येते. शेतजमीन, फार्महाऊस, मळा विकत घेता येत नाही. रक्कम एनआरई-एनआरओ खात्यातून किंवा बँकेमार्फत जावी, दिरहम पाकिटात घालून नव्हे. पुण्या-ठाण्यात मुद्रांक शुल्क अधिभारासह ७ टक्के, मुंबईत ६. नोंदणी शुल्क १ टक्का पण कमाल ३०,००० रुपये. घर बायकोच्या एकटीच्या नावे असेल तर मुद्रांकात एक टक्का सवलत (नवरेमंडळींनी विचार करावा). बांधकाम चालू असताना साधारणतः ५ टक्के जीएसटी पडतो. भोगवटा झालेल्या नव्या घरावर तो नाही. तयार घर महाग वाटते तेव्हा हा हिशेबही मांडून पाहावा. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का कर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी आपली, बिल्डरची नव्हे.

आता कुलमुखत्यारपत्र. ते येथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर तेथील मुद्रांक लावून घ्यावा. त्यात सर्वाधिकार देऊ नयेत. कराराची नोंदणी, बँकेचे कागद आणि ताबा, एवढ्यापुरतेच लिहावे. विकण्याचा अधिकार तर मुळीच नको. आणि मी जे लिहिले नाही ते अवश्य लिहावे: 'भोगवटा प्रमाणपत्राची प्रत पाहिल्यानंतरच ताबा घ्यावा.' या एका ओळीने माझी दोन वर्षांची सासुरवाडी वाचली असती.

घराची पाहणी मात्र स्वतः करावी, रजा काढून. शक्य तर पावसाळ्यात. ओल उन्हाळ्यात दिसत नाही. ती जुलैत खिडकीच्या कोपऱ्यातून आणि गच्चीखालच्या छतातून बोलते. न्हाणीघरात बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जाते की दाराकडे ते पाहावे. आमच्याकडे दाराकडे येई. एक रुपयाचे नाणे घेऊन फरशी ठोकत फिरावे, पोकळ फरशीचा आवाज लगेच वेगळा येतो. प्रत्येक खिडकी उघडून बंद करावी, मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लग तपासावा. दोष लिहून बिल्डरच्या कचेरीचा पोच शिक्का घ्यावा. बांधकामातले दोष ताब्यापासून पाच वर्षांत दाखवून दिले तर ते तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. पण तोंडी तक्रार कोणी लक्षात ठेवत नाही.

त्या दिवशी शेजारच्या मुलीने टायवाल्याकडे महारेराचा क्रमांक मागितला आणि तेथेच मोबाइलवर उघडून पाहिला. पूर्णत्वाची तारीख माहितीपत्रकातल्या तारखेपेक्षा दोन वर्षे पुढची निघाली. "ती तारीख कायद्यासाठी असते, मॅडम," तो म्हणाला. चेकबुक पुन्हा खिशात गेले. वडापाव मात्र आम्ही तिघांनीही खाल्ला.

माझ्या घराचे म्हणाल, तर सोसायटी झाली, पण इमारतीखालची जमीन अद्याप तिच्या नावावर झालेली नाही. त्यासाठीची सभा दिवाळीनंतर आहे. मी तिकीट काढले आहे. विमानतळावर घ्यायला मेहुणा येणार आहे.