तापसंवेदकाची उलटतपासणी

मोठ्या जनित्राच्या डिझेल इंजिनाचा तापदर्शक अकस्मात लाल रेषेकडे झेपावला, की संवेदक बदलण्याचा हुकूम तत्काळ सुटतो. परंतु ज्याची साक्ष संशयास्पद वाटते त्याची उलटतपासणी न करताच त्याला बडतर्फ करणे हा, माझ्या मते, सरळसरळ अन्याय होय.

शीतक द्रवाची पातळी घटली किंवा नळीत हवा कोंडली, म्हणजे संवेदकाचे टोक उघडे पडते, आणि मग इंजिन प्रत्यक्षात तापत असतानाही आकडा कधीकधी निर्धास्तपणे खालीच राहतो. म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडून प्रथम पातळी पाहावी, हवा काढावी, पंपाचा पट्टा व थर्मोस्टॅट तपासावा.

संवेदकाची पाळी त्यानंतर. पीटी-१०० जातीच्या प्लॅटिनम संवेदकाचा रोध ० अंश सेल्सिअसला १०० ओहम आणि १०० अंशांना सुमारे १३८.५ ओहम असतो, म्हणजे अंशामागे जेमतेम ०.३९ ओहमने वाढतो. त्यामुळे दोनच तारांची जोडणी असल्यास लांबलचक तारांचा अवघा १ ओहम रोध अडीच अंशांची खोटी वाढ दाखवितो, आणि तिसऱ्या तारेचा खटाटोप त्यासाठीच असतो.

वितळत्या बर्फाच्या पाण्यात संवेदक बुडवून मल्टिमीटरने रोध मोजणे ही बिनखर्ची कसोटी. उकळत्या पाण्याची कसोटी घेताना मात्र पुण्याच्या उंचीवर पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, हे (एरवी कशाचाही विसर न पडणाऱ्या) पुणेकरांनी ध्यानात ठेवावे. दोन्ही कसोट्यांना संवेदक उतरला, तर नव्याची मागणी दप्तरी दाखल करून तारांची टोके तपासावयास घ्यावीत.