केबल ग्रामपंचायतीत आली, घरात कधी येणार?

रात्री साडेआठ-नऊला आमच्या गावात मोबाईलवरून साधा फोटो जात नाही. पहाटे पाचला कांद्याला पाणी द्यायला गेलो की तोच मोबाईल, तेच सिम, आणि व्हिडिओ पटकन अपलोड होतो. बातम्या पाठवायच्या असल्यामुळे हा अनुभव मला रोजचाच. पण अडचण माझ्या एकट्याची नाही. शेजारच्या मुलीचा प्रवेशाचा फॉर्म शेवटच्या दिवशी रात्री तीनदा अर्ध्यावर अडकला. शेवटी वडिलांनी मोटारसायकल काढली आणि तालुक्याला नेऊन भरला.

गावात यावर दोन मतं ऐकायला मिळतात. काही जण म्हणतात, सरकारने मोठी लाईन टाकली पाहिजे. दुसरे म्हणतात, लाईन तर कधीच आली, पंचायतीत पेटी लागलीय, मग नेट का नाही? दोघांचंही अर्धं बरोबर आहे.

पाटपाण्याचं उदाहरण घ्या. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्याला वितरिका, मग चारी, पोटचारी आणि शेवटी आपलं शेत. कालवा काठोकाठ वाहत असला तरी पोटचारीच काढलेली नसेल तर आपल्या वाफ्यात थेंब येत नाही. इंटरनेटचंही तसंच आहे. मुंबईला समुद्राखालून केबल येतात, तिथून जाड फायबर शहराशहरांत आणि जिल्ह्यांत जाते. हा मुख्य कालवा, त्याला बॅकबोन म्हणतात. पुढे तालुका, मग ग्रामपंचायत. पंचायतीपासून तुमच्या ओट्यापर्यंतचा जो अर्धा-एक किलोमीटर आहे, ती पोटचारी.

केंद्र सरकारने २०११ मध्ये ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना मंजूर केली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख ग्रामपंचायती डिसेंबर २०१७ पर्यंत जोडल्याचं सरकारने जाहीर केलं. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने झालं. मूळ योजनेत प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस द्यायचे होते. पण केबल पंचायतीच्या भिंतीपर्यंत आली म्हणजे गाव जोडलं, असं कागदावर धरलं गेलं. तिथून घराघरात कोण नेणार, बिल कोण गोळा करणार, बिघाड झाला तर कोण येणार, हे मागेच पडलं. माझ्या मते मूळ चूक इथे झाली.

आमच्याकडे मी एकदा ताडून बघितलं. रात्री नऊला शिपाईदादांना विनंती करून पंचायत उघडली आणि पेटी चालू केली (एरवी ऑफिस बंद झालं की बटण बंद). तिथल्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ एकदाही अडकला नाही. त्याच वेळी दारात उभं राहून मोबाईलवर तोच व्हिडिओ लावला, तर नुसतं गोल फिरत राहिलं. म्हणजे कालव्याला पाणी होतं. आम्ही सगळे मात्र एका टॉवरवर तुटून पडलो होतो. टॉवरची क्षमता तेवढीच असते. रात्री सगळ्यांचं जेवण उरकलं की सगळे एकदम नेट लावतात, मग प्रत्येकाच्या वाट्याला चूळ भरण्यापुरतं पाणी. पहाटे गाव झोपलेलं, म्हणून माझा व्हिडिओ सुटतो.

तुम्हीही हे करून बघा. पंचायतीतलं नेट चांगलं आणि मोबाईल बंद, तर दुखणं शेवटच्या किलोमीटरचं आहे. दोन्ही एकाच वेळी रखडत असतील, तर अडचण पाठीमागच्या लाईनमध्ये असू शकते. आणि पंचायतीतली पेटीच मेलेली असेल, तर आधी तिची वीज आणि केबल तपासायला लावा.

आता दुसऱ्या बाजूचं. उद्या ३०० घरांत वायर गेली आणि पंचायतीला येणारी लाईन १०० एमबीपीएसचीच राहिली, तर? चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात. म्हणजे एका वेळी वीस घरं बघतील, बाकीची ताटकळतील. चाऱ्या काढल्या की कालवा कमी पडतो, हे टेलच्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. म्हणून मागची लाईन वाढवणं चूक नाही. फक्त घरात वायर नसताना नुसती मागची लाईन वाढवून आपल्या हाती काही लागत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये दोन्ही गोष्टी धरल्या आहेत. खर्च १,३९,५७९ कोटी रुपये आणि दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडण्या द्यायचं उद्दिष्ट. घरजोडणीसाठी गावातल्याच उद्योजकाला सोबत घ्यायचं, कमाईत त्याचा वाटा. आपल्या पोरांना यात काम आहे, पण किती खांब लागतील, किती घरं पैसे भरतील, याचा हिशेब करूनच उतरावं.

आणखी एक बदल आपल्या कामाचा आहे. जुन्या पद्धतीत केबल एका सरळ ओळीत जायची. रस्त्यासाठी किंवा नळयोजनेसाठी जेसीबीने कुठे तोडली की पुढची सगळी गावं अंधारात. नवीन पद्धत गोल कड्याची. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने नेट येतं. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवायचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २०२३ पासून आहे. आमच्या भागातल्या एकाही जेसीबीवाल्याच्या मोबाईलमध्ये ते मला दिसलं नाही.

पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी विचारा: पंचायतीची पेटी चालू आहे का आणि रात्री चालू राहते का, आपलं गाव गोल कड्यात आहे का, आणि घरजोडणीसाठी आपल्या गावाला कोण नेमलंय. आमच्या गावात हा अर्ज मी ग्रामसेवक भाऊसाहेबांकडे दिला आहे. पोच मिळाली, उत्तर आलं की इथेच छापू.