नऊचा वर्ग, दहाची उपासना

अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या मंडळीची रविवारची उपासना दहाला. पण मोठ्या माणसांचा शास्त्राभ्यास नऊलाच बसतो, आणि मला विचाराल तर मंडळीचा जीव त्या तासात आहे. पोरं बाहेर कडुलिंबाखाली शब्बाथशाळेत गाणी म्हणत असतात. आत सतरंजीवर शेतकरी, गवंडी, नर्सबाई, अंगणवाडीताई, दोन-तीन आज्या. पाळकसाहेब मुद्दाम कडेला बसतात. वर्ग एक निवृत्त गुरुजी घेतात आणि त्यांचा एकच नियम आहे : उतारा वाचून झाला की आधी वर्गानं बोलायचं.

मागच्या महिन्यात मत्तयाचा विसावा अध्याय निघाला. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना पुन्हा चौकातून माणसं आणतो. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच रोज ठेवतो. अर्ध्या वर्गाला ते पटेना. दिवसभर उन्हात राबलेल्यांनी कुरकुर केली तर त्यांचं काय चुकलं? तेव्हा एरवी गप्प असणारा एक गवंडी बोलला. तरुणपणी तो रोज मजूर अड्ड्यावर उभा राहायचा. काम लागलेला माणूस दुपारी भाकरी खातो, तो म्हणाला. पण नुसत्या उभ्या राहिलेल्याला डबा सोडावासा वाटत नाही. आणि सांजच्याला घरी खाणारी तोंडं दोघांचीही तेवढीच. सतरंजीवर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. दहाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी लिहून आणलेला संदेश बाजूला ठेवला आणि त्या डब्यापासून सुरुवात केली.

मोठ्या माणसानं शिकायचं, ही इकडची जुनी रीत. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं, आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली इथूनच निघालं. पुढे त्याच्या मराठी विभागाचं संपादन करणारे नारायण वामन टिळक नव्या कराराकडे वळले ते चांगले कर्ते झाल्यावर. आगगाडीत एका सहप्रवाशानं दिलेलं पुस्तक त्यांनी खुणा करत वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर ते त्यांना खाली ठेववेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंनी तर बायबल मराठीत आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, कारण साध्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवून ते छापलं. १९२४ साली ते पूर्ण बाहेर आलं, तेव्हा रमाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. शिकण्याचा हा हट्ट मला प्रार्थनेइतकाच पवित्र वाटतो.

दहाची घंटा झाली की पेटी-तबला पुढे येतो, ‘उपासना संगीत’ हे पदांचं पुस्तक उघडतं. टिळकांची पदं सुरू झाली की टाळ आपसूक निघतात. मग पापांगीकार, जुन्या-नव्या करारातली वाचनं, संदेश, अर्पण, आशीर्वाद; महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. सुगीच्या दिवसांत अर्पणाच्या थाळीशेजारी ज्वारी आणि अंडीही येतात.

वर्गातल्या एका आजींची गोष्ट सांगायलाच हवी. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पदं मात्र ढीगभर पाठ. गुरुजींनी त्यांना मुळाक्षरं गिरवायला लावलंच नाही. पाठ असलेलं पद उघडून दिलं आणि गाताना प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवायला सांगितलं. सुरुवातीला गाणं पुढे धावायचं, बोट मागे राहायचं. मग एका रविवारी बोटाची आणि सुराची एकाच शब्दावर गाठ पडली : ‘प्रभू’. त्यातला ‘प्र’ त्यांना ‘प्रार्थना’त दिसला. ‘भू’ सापडला तो घरी, सातबाऱ्यावरच्या ‘भूमापन क्रमांका’त. तो कागद त्या आयुष्यभर पत्र्याच्या पेटीत जपत आल्या होत्या. त्यावरचं काहीतरी त्यांनी पहिल्यांदाच स्वतः वाचलं.

पुढच्या रविवारचं जुन्या कराराचं वाचन आजींकडे आहे. योना, पहिला अध्याय. नात रोज संध्याकाळी ऐकून घेते. ‘तार्शीश’पाशी त्या अजून अडखळतात.