भरदुपारी चांदण्यात जेवण : खरंच भारी की नुसती हवा?

डिस्नेलँडमधल्या 'ब्लू बायू'चं टेबल मिळावं म्हणून लोक दोन महिने आधीपासून कॅलेंडर लावून बसतात. एवढं काय आहे तिथे? पोटाला आणि पाकिटाला, दोघांनाही विचारून पाहिलं.

ऑफिसमधला कुणी ऑनसाइटला कॅलिफोर्नियाला निघाला की निरोपाच्या पार्टीत सल्ल्यांचा पाऊस पडतो. गोल्डन गेट बघ, वेगासला जा पण जपून, आणि डिस्नेलँड चुकवू नकोस. डिस्नेलँडचं नाव निघालं की चौथा सल्ला हमखास येतो : 'तिथे ते पाण्याकाठचं रेस्टॉरंट आहे ना, शेजारून होड्या जातात, तिथे जेवच!' सल्ला देणाऱ्यांपैकी निम्मे तिथे जेवलेलेच नसतात, ही गोष्ट वेगळी.

मी जेवून आले. आणि परतल्यापासून मलाही एकच प्रश्न विचारला जातोय. 'पैसा वसूल आहे का?' उत्तर हो की नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आधी बायू म्हणजे काय ते बघू

अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियाना राज्यात, सखल भागात संथ आणि दलदलीचं पाणी पसरलेलं असतं. त्याला तिथे 'बायू' म्हणतात. आपल्या खाडीची आठवण यावी असं, फक्त त्याहून जरा आळशी. न्यू ऑर्लिन्स हे त्या मुलखातलं मोठं शहर. डिस्नेलँड मात्र कॅलिफोर्नियात, ॲनाहाइमला. १७ जुलै १९५५ ला पार्क सुरू झाला आणि अकरा वर्षांनी, २४ जुलै १९६६ ला, त्यात 'न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर' नावाचा भाग उघडला. लोखंडी नक्षीचे सज्जे, अरुंद बोळ, कोपऱ्यावर जाझ वाजवणारी मंडळी.

याच भागात १८ मार्च १९६७ ला 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही होडीतली राइड सुरू झाली आणि तिच्याच इमारतीच्या आत ब्लू बायू. हो, तुमच्या मनात आलेलंच 'पायरेट्स'. फक्त क्रम उलटा आहे. जॉनी डेपचा सिनेमा आला २००३ मध्ये, या राइडवरून. मग सिनेमा इतका चालला की २००६ मध्ये त्यातला जॅक स्पॅरोच उलट राइडमध्ये नेऊन बसवला!

वॉल्ट डिस्ने १५ डिसेंबर १९६६ ला गेले. म्हणजे पाहुण्यांनी भरलेलं हे रेस्टॉरंट त्यांनी पाहिलंच नाही. पण एक किस्सा नेहमी सांगितला जातो. रेस्टॉरंट आधी तयार झालं होतं, राइड मागे पडली होती. तेव्हा होड्या सुरू झाल्याशिवाय रेस्टॉरंट उघडायचं नाही, असं त्यांनीच ठरवलं म्हणे. या किश्श्यात ब्लू बायूचा सगळा फंडा आला. स्वयंपाकघर तयार असून जमलं नसतं. होडी हवी होती!

बाहेर ऊन, आत रात्र

दार उघडून आत शिरलं की पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. बाहेर दक्षिण कॅलिफोर्नियाचं डोळे दिपवणारं ऊन, आणि आत थेट रात्र. खिडकी एकही नाही. हळूहळू डोळे सरावतात, मग डोक्यावर लटकलेले रंगीत कंदील दिसतात, टेबलावरचे मिणमिणते दिवे दिसतात, आणि त्यापलीकडे काळंभोर पाणी. आपण बसतो ती जागा म्हणजे जुन्या हवेलीचा पाण्याकडचा ओटाच. बेडूक ओरडतात, रातकिडे किरकिरतात, झाडीत काजवे लुकलुकतात. पलीकडच्या काठावर एका खोपटाबाहेर एक म्हातारा खुर्चीत झुलत बसलेला असतो, सोबतीला बँजो वाजत असतो. आणि मधून, अगदी सावकाश, माणसांनी भरलेली होडी जाते.

सगळं खोटं आहे. पाणी तेवढं खरं. पण गणपतीतले हलते देखावे बघत मोठं झालेल्या माणसाला याचं काही वाटत नाही. पुतळा यंत्रावर हलतोय हे पाचव्या वर्षी कळलेलं असतं, तरी आपण रात्री दोन वाजता रांगेत उभे राहतोच की.

काजव्यांबद्दल मात्र थोडं बोलायला हवं. मे संपता संपता, पावसाच्या तोंडावर, तुम्ही भंडारदऱ्याला किंवा राजमाचीला गेला असाल आणि झाडंच्या झाडं एका तालात पेटता-विझताना पाहिली असतील, तर ब्लू बायूचे काजवे बिचारे वाटतात. पण भंडारदऱ्याचा खेळ वर्षातले मोजके दिवस, तोही पायाखाली चिखल आणि कानाशी डास. इथे काजवे बाराही महिने कामावर. सुट्टी नाही, अप्रेझल नाही.

आता एक गोष्ट, जी सल्ले देणारे सांगत नाहीत. हाच देखावा राइडच्या होडीतूनही दिसतो आणि राइड पार्कच्या तिकिटातच येते. होडी निघते तीच रेस्टॉरंटच्या समोरून. जेवणारी माणसं, कंदील, काजवे, म्हातारा, सगळं दिसतं आणि मग पुढे होडी धबधब्यावरून खाली घसरते. म्हणजे 'बघायला' जायचं असेल तर वेगळा डॉलरही लागत नाही. फरक एवढाच, की होडीतून ते एक-दोन मिनिटं दिसतं आणि टेबलावर तास-सव्वा तास.

ताटात काय?

मेन्यूचा तोंडवळा लुइझियानाचा. क्रिओल आणि केजन या तिथल्या दोन खाद्यपरंपरा. नावं अनोळखी, पण मंडळी नात्यातलीच. 'गंबो' हे दाट, मसालेदार कालवण. हे नाव पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलं असं मानतात, कारण गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांबरोबर भेंडी आणि तो शब्द अमेरिकेत पोचला. 'जांबालाया' म्हणजे मांस, मासळी आणि मसाला घालून शिजवलेला भात. आपल्या मसालेभाताचा मांसाहारी चुलतभाऊ म्हणा.

आणि या चौकाचं सगळ्यात गाजलेलं अपत्य म्हणजे 'माँटे क्रिस्टो' सँडविच. हॅम, टर्की आणि स्विस चीज ब्रेडमध्ये घालायचं, अख्खं सँडविच पिठात बुडवायचं, तळायचं आणि वर पिठीसाखर भुरभुरवायची. सोबत बेरीचा मुरंबा. ब्रेड पॅटिसला कुणी लग्नाला सजवून आणलंय असं वाटतं. वर्षानुवर्षं लोक ब्लू बायूत खास यासाठी यायचे. शेजारच्या 'कॅफे ऑर्लिन्स'नेही ते गाजवलंय, आणि तिथे त्याचा नुसत्या तीन चीजचा अवतारही मिळतो. बिलाचा आकडाही ब्लू बायूपेक्षा हलका.

म्हणजे निव्वळ चवीसाठी निघाला असाल तर ब्लू बायूचा हट्ट धरायचं कारण नाही. जेवण नीटनेटकं, सर्व्हिस अदबीची, पण त्या अंधारातून ताट उचलून लख्ख उजेडातल्या हॉटेलात नेऊन ठेवलं तर त्यासाठी कुणी साठ दिवस आधी बुकिंग करणार नाही.

हिशेबाची बाजू

पार्कचं एका दिवसाचं तिकीट माणशी १०० डॉलरच्या पुढेच असतं आणि गर्दीच्या दिवशी बरंच वर जातं. ते काढल्याशिवाय रेस्टॉरंटच्या दारापर्यंत पोचताच येत नाही. पुण्याजवळच्या चोखी ढाणीत एका तिकिटात जेवण आणि खेळ दोन्ही उरकतात, तसं इथे नाही. आत जेवणाचे वेगळे. मुख्य पदार्थ, पेय, टॅक्स आणि अमेरिकन पद्धतीची घसघशीत टिप धरली तर माणशी साठ डॉलरच्या आसपास तयारी हवीच. म्हणजे आपले पाच हजारांवर रुपये, एका माणसाच्या एका जेवणाचे.

शिवाय दुसरं बिल वेळेचं. इतके पैसे भरून एका दिवसासाठी आत शिरलेल्या माणसाला प्रत्येक तास मोलाचा असतो. सव्वा तासात तीन राइड्स झाल्या असत्या, हा किडा डोक्यात वळवळत असतो.

त्या टेबलावर काय झालं

मी गेले होते मावसबहिणीच्या घरच्यांबरोबर. ती आणि तिचा नवरा, दोघंही आयटीत. सात वर्षांचा मुलगा. आणि चार महिन्यांसाठी पुण्याहून आलेले मावशी-काका. आठवड्याचे पाच दिवस मुलगी-जावई ऑफिसात, नातू शाळेत, आणि हे दोघं घरात, कारण तिथे गाडीशिवाय कोपऱ्यावरही जाता येत नाही. शनिवार-रविवार किराणा, कपडे, फुटबॉलची प्रॅक्टिस. सगळे एकत्र बाहेर असा हा त्या महिन्यातला पहिलाच दिवस. तोही सकाळपासून रांगेत आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये चाललेला.

"बाहेर एवढं लख्ख ऊन पडलंय आणि आपण पैसे देऊन अंधारात बसायचं?" मावशीने दारातच विचारलं.

मग बसलो. काकांनी मेन्यू डोळ्यांजवळ धरला, उजव्या बाजूचे आकडे वाचले आणि तोंडातल्या तोंडात गुणाकार केला. नातू होड्या मोजू लागला. प्रत्येक होडीला हात करायचा, आणि होडीतली अनोळखी माणसं उलट हात करायची. चौदाव्या होडीनंतर मावशीही हात करायला लागली. शाकाहारी काय मिळेल ते विचारून झालं, ऑर्डर दिली गेली. आता उठून कुठे पळायचं नव्हतं. त्या अंधारात मोबाइल काढला की त्याचाच उजेड खटकतो, त्यामुळे तेही खिशात गेले.

जेवण अर्ध्यावर आलं असताना मावशी सहज सुरात म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्हीच या हं. माझ्या गुडघ्यांना हे चालणं आणि तो विमानाचा प्रवास आता झेपायचा नाही."

बहिणीचा हात थांबला. "आई, हे घरी नाही का सांगायचंस?"

"घरी तुम्ही बसता कुठे?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. मग पुढचा अर्धा तास त्याच विषयावर बोलणं झालं. डिसेंबरची सुट्टी, तिकिटं, गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, केलं तर रजा कुणी काढायची. दोन महिने लांबलेलं बोलणं त्या खोट्या चांदण्यात उरकलं.

बाहेर आल्यावर मी काकांना मुद्दामच विचारलं, "काय मग, पैसा वसूल?" काका सदाशिव पेठेतले. फुकट शाबासकी देणार नाहीत. म्हणाले, "जेवणाचे म्हणशील तर महाग. पण जागेचं भाडं धरलं तर ठीक आहे."

तर मग निकाल काय?

मला वाटतं, काकांनी बरोबर पकडलं. ब्लू बायूची कीर्ती ताटाची नाही, बैठकीची आहे. थीम पार्क म्हणजे सतत पुढे सरकायची जागा. रांग पुढे, राइड पुढे, पुढचा टाइम स्लॉट पुढे. या सगळ्याच्या मधोमध एक जागा अशी, जिथे तुम्ही थांबता आणि बाकीचं जग होडीतून पुढे जातं. पैसे त्या थांबण्याचे.

त्यामुळे आई-बाबा आलेत, बरोबर लहान मूल आहे, किंवा कुणाशी निवांत बोलायचंय, तर जरूर जा. ऑफिसच्या गँगबरोबर 'दिवसात वीस राइड्स' असा प्लॅन असेल तर सोडून द्या. तुम्ही टेबलावर बसून घड्याळ बघाल. आणि फक्त खाण्याचे शौकीन असाल तर माँटे क्रिस्टो शेजारी खा, उरलेल्या पैशांचं तुम्ही बघा.

वातावरण : ५ पैकी ५
जेवण : ५ पैकी ३
खिसा : ५ पैकी २
बैठक : ज्याची त्याने ठरवावी

जाण्यापूर्वी

• बुकिंग ६० दिवस आधी उघडतं आणि पटापट संपतं. हुकलं तरी ॲप बघत राहा. आयत्या वेळी कुणीतरी रद्द करतंच.

• पाण्यालगतचं टेबल मागता येतं, पण मिळेलच याची हमी नसते. होड्या बघणं हाच हेतू असेल तर पोचल्या पोचल्या सांगा आणि थोडं थांबायची तयारी ठेवा.

• वेळ दुपारची घ्या. बाहेर ऊन जितकं कडक, तितकी आतली रात्र गोड लागते.

• राइड दुरुस्तीसाठी बंद असेल तर होड्याही बंद! पार्कच्या वेबसाइटवर दुरुस्तीच्या तारखा दिलेल्या असतात, त्या बघूनच दिवस ठरवा.

• शाकाहारी मंडळींनी बुकिंग करतानाच तसं कळवावं आणि टेबलावर पुन्हा विचारावं. गंबोत मांस असतंच असं धरून चाला.

• फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्येही 'पायरेट्स'ची राइड आहे, पण तिच्या आत रेस्टॉरंट नाही. तिथे जाणार असाल तर एपकॉटमधल्या मेक्सिको दालनातलं 'सान आंजेल इन' बघा. तिथेही कायमची रात्र आणि शेजारून जाणाऱ्या होड्या. टोकियोच्या डिस्नेलँडमध्ये मात्र याच नावाचं ब्लू बायू आहे.